दवणानं नाव मागितलं

आमच्या गल्लीत एका मेलेल्या बाईचा फार धाक आहे. तिच्या नावानं दरवर्षी सवाष्ण जेवते. तिच्या भीतीनं शेजारच्या घरातल्या पाण्याच्या हौदाला कुलूप असतं. आणि आठ वर्षांची एक पोर तिच्यापायी आजवर पावसाच्या डबक्यातसुद्धा पाय घालू शकलेली नाही. त्या बाईचं नाव दवणाबाई. ती कधी जन्मलीच नव्हती, एवढं एक सोडलं तर बाकी सगळं खरं आहे.

मला हे ठाऊक असायचं कारण म्हणजे आमची भिंत. सोलापुरात बाळे भागात, पुणे रस्त्यापासून थोडं आत, आमची घरं एकमेकांना चिकटून आहेत. मी दाक्षायणी. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. आमचं माणूस, गुरप्पा, आणि मी घरात कानडी बोलतो आणि गल्लीत भांडायचं झालं की मराठी. भिंतीपलीकडचं घर सोजरबाईंचं. त्या माढ्याकडच्या. मुलगा इंद्रजीत चिंचोळी एमआयडीसीत पंपाच्या कारखान्यात लागला, तशी गावची जमीन भावकीकडं देऊन त्या इथं आल्या. अंकिता ही त्यांची सून. मी सांगतेय ते तिचंच.

अंकिता कुर्डुवाडीची. वडील सयाजी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. अंकिता कॉलेजात जायच्या आधीच आई गेली. बापलेक दोघंच रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचे, त्यामुळं या मुलीला स्वतःचं स्वतः ठरवायची सवय होती. ती सवय आमच्या डोळ्यांदेखत मोडली. लग्नानंतर पहिल्यांदा ब्लाऊज टाकायला आली तेव्हा मी विचारलं, मागचा गळा किती ठेवू? तर म्हणाली, "आत्यांना विचारून सांगते." सासूला आमच्या भागात आत्या म्हणतात. पण गळ्याचं मापसुद्धा सासूला विचारून सांगणारी मी पहिल्यांदाच बघितली. माझी कात्री हातातच राहिली.

सोजरबाई वाईट नाहीत, हे आधी सांगून टाकते. कुणाच्या घरी आजारपण असलं की पहिली भाकरी त्यांच्याकडून जाते. फक्त त्या घरात जे ठरायचं ते त्यांनीच ठरवायचं. भाजी कुठली, पडदे कुठले, फ्रिज कुठल्या भिंतीला, अंकितानं भांग मधे पाडायचा की बाजूला. इंद्रजीत शिफ्टवरून आला की त्याचं एकच वाक्य असायचं, "आईचं मन राखू या की." हे मन राखता राखता अंकिताचं काय उरलं, ते बघायला त्याला वेळ नव्हता. मला त्याचा राग येतो. अजून येतो.

सातव्या महिन्यात अंकिता जुने ब्लाऊज उसवून घ्यायला आली. मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि एकाएकी म्हणाली, "मावशी, मुलगी झाली तर मी तिचं नाव दवणा ठेवणार."

"दवणा? चैत्रात देवाला वाहतात तो?"

"तोच. आमच्या क्वार्टरच्या दारात आईनं तेलाच्या डब्यात लावला होता. संध्याकाळी ती त्याच्यावर हात फिरवायची आणि त्याच हातानं माझी वेणी घालायची. मला आईचा चेहरा आता नीट आठवत नाही, पण तो वास आला की ती मागं उभी आहे असं वाटतं." मग म्हणाली, "या घरात मी काही मागितलं नाही. एवढं एक मागणार आहे."

मी म्हटलं माग की. आपलं काय जातंय म्हणायला?

मुलगी झाली, मे महिन्यात. माहेरी करणारं कुणी नाही म्हणून बाळंतपण सासरीच. दवाखान्यातून घरी आल्यावर अंकितानं धीर करून नाव सांगितलं. सोजरबाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या.

"दवना? देवाला घालून दुसऱ्या दिशी निर्माल्यात टाकत्यात त्यो? माज्या नातीचं नाव पाल्यावरनं? न्हाय बाई."

विषय संपला. इंद्रजीत म्हणाला, आईचं मन राखू या. अंकिता भिंतीकडं तोंड करून झोपली.

आणि मग पोर रडायला लागली. सोलापूरचा मे, पत्रा तापलेला, आणि पोरीला डोक्याला टोपरं, अंगाला बाळुतं घट्ट गुंडाळून वर गाठ मारलेली. बाळंतिणीला वारा लागतो म्हणून पंखा बंद. ते लेकरू लालबुंद होऊन ओरडायचं. डॉक्टरांनी पोट बघितलं, कान बघितले, काही नाही म्हणाले. उकडत असेल असं मी एकदा म्हणून बघितलं, तर सोजरबाई म्हणाल्या, "दाक्षाबाई, उन्हाळ्यात काय आमी जल्मलो न्हाय का?" आणि मग त्यांनी निदान केलं, "प्वार नाव मागतीया."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तान्हं मूल उगाच रडत राहिलं की आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, घराण्यातलं कुणीतरी मेलेलं परत आलंय आणि आपलं नाव मागतंय. मग बाळापुढं एकेका पूर्वजाचं नाव घ्यायचं. ज्या नावाला बाळ गप होईल ते माणूस आलं म्हणायचं, आणि तेच नाव ठेवायचं. आमच्या कानडी घरांतही हे चालतं. माझ्या नणंदेचं नाव निंगव्वा असंच पडलं.

त्या दुपारी मी तिथंच होते. लाईट गेली होती. सोजरबाई कॉटवर बसल्या, पोर मांडीवर, आणि नावं घ्यायला लागल्या. चुलत सासू झाली, आजेसासू झाली, लहानपणी गेलेली नणंद झाली. पोर ओरडतेच आहे. मग त्या जरा थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "म्हाळसाबाई?" म्हाळसाबाई म्हणजे त्यांच्या सख्ख्या सासूबाई. नेमकी तेव्हाच लाईट आली. लाईट आली का बघताना कुणीतरी दाबलेलं पंख्याचं बटन तसंच चालू राहिलं होतं. पंखा फिरला, पोरीच्या तोंडावर वारा आला, आणि तिचं रडणं थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं डोळे उघडून वर बघितलं.

पंखा मी बघितला आणि अंकितानं बघितला. सोजरबाईंनी फक्त पोर बघितली. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पोरीला हलकेच गादीवर ठेवलं, आणि स्वतः कॉटवरून उतरून खाली फरशीवर बसल्या. सासूसमोर वर बसायची त्यांना सवय नव्हती. तिथून हात जोडून म्हणाल्या, "आला का आत्याबाई?" मग उठून पंखा बंद केला.

संध्याकाळी अंकिता परसातल्या भिंतीजवळ येऊन मला म्हणाली, "मावशी, माझ्या मुलीला म्हाळसा म्हणणार सगळे. आणि आत्या तिच्यासमोर फरशीवर बसणार." तिला हसू येत होतं की रडू, मला सांगता येणार नाही.

पण सोजरबाईंनीच वाट काढून दिली. एकदा विचारून भागत नाही, तीनदा विचारावं लागतं, असं त्या दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाल्या. तेव्हा मला वाटलं, काय बाई नेमाची आहे! अंकितानं तेवढी फट धरली.

"आत्या, तुमच्याकडचीच नावं घेतली. माझ्या माहेरचं कुणी आलं असेल तर?"

सोजरबाईंनी तिच्याकडं बघितलं. "व्हय, ते बी खरं हाय. कोन कोन हाय तुज्याकडं?"

अंकितानं आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं. आणि सगळ्यात शेवटी, मान खाली घालून, "बाबांची आजी होती एक. दवणाबाई."

"दवना? म्हून तू त्ये नाव म्हनत हुतीस व्हय? आदी सांगाया काय झालं हुतं?"

"भीती वाटली."

मी समोर बसले होते. नावं सुरू झाली. पोर अंकिताच्या मांडीवर, वरून पदर. "दवनाबाई?" असं सोजरबाई म्हणाल्या त्या क्षणी पदराखाली अंकिताचा हात हलला आणि बाळुत्याची गाठ सुटली. पोरीनं छातीभर श्वास घेतला, दोन्ही हात वर काढले आणि गप झाली. तिसऱ्यांदाही तसंच. कुणी मला विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. मला तर मजा वाटली होती. या घरात एकदाचं अंकितानं काहीतरी ठरवलं, एवढाच मला आनंद.

बारशाच्या आदल्या दिवशी तिनं वडिलांना फोन करून सांगितलं, "बाबा, कुणी विचारलं तर तुमची एक आजी होती म्हणा, दवणाबाई." सयाजीमामा हो म्हणाले. पण ती आजी कशानं गेली, हे दोघांनीही ठरवलं नाही. चूक झाली ती तिथं.

सयाजीमामा म्हणजे गोष्टीवेल्हाळ माणूस. कुर्डुवाडीच्या प्लॅटफॉर्मवर गाडी उशिरा असली की लोक यांच्याभोवती बसायचे, असं अंकिताच सांगायची. बारशाला अंकिताच्या चुलत नणंदेनं पोरीच्या कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाटे खाल्ले, घुगऱ्या वाटून झाल्या. मग सोजरबाई त्यांच्यासमोर बसल्या आणि विचारलं, "पाव्हनं, तुमची आजी गेली कशानं? परत आली म्हंजी काय तरी ऱ्हायलं आसंल की तिचं."

मामांनी लेकीकडं बघितलं. आणि सुरू झाले.

"तरनीच गेली वो. माजा बाप रांगत हुता. दिसाया म्हनशीला तर हुबेहूब आमची अंकिता. लई हसायची म्हनं. दुपारच्याला पानी आनाया हिरीवर गेली, घागर काठावर ऱ्हायली आन् बाई..." त्यांनी हात वरून खाली नेला. "अंगावर हिरवं लुगडं हुतं. दोन दिस पान्यावर दिसत हुतं."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मामांचे स्वतःचे डोळे भरून आले होते, इतके ते रंगले होते. मी अंकिताकडं बघितलं. घुगऱ्यांची वाटी हातात धरून ती वडिलांकडं बघत होती, आणि तिच्या ओठांचा रंग गेला होता. सोजरबाईंनी पाळण्यातून पोर उचलली, छातीशी घट्ट धरली.

"आता न्हाय जाऊ द्यायची तुला पान्याकडं. बगतेच कशी जातीस ती."

आपल्या सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं. चार-पाच दिवसांनी कधीतरी येतं, त्यामुळं घरोघरी जमिनीखाली हौद आणि न्हाणीत पिंपं. पोर रांगायला लागली तसं सोजरबाईंनी हौदाला लोखंडी झाकण करून घेतलं, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला. अंकिताला भांडी घासायला पाणी पाहिजे असलं तरी हाक मारायची, "आत्या, किल्ली द्या." मग त्या येणार, कुलूप काढणार, ती पाणी उपसेपर्यंत उभ्या राहणार, परत कुलूप. पोरीला आंघोळ घालायची ती त्यांनीच, तांब्यानं, एक हात तिच्या दंडाला धरून. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचलं की दार बंद. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं रिक्षा न्यायची नाही, लांबून न्यायची. एकदा पोरीला ताप आला तर दवणाबाईंची ओटी भरली, आणि ताप उतरला, म्हणून मग दर तापाला ओटी.

अंकिताला वाटलं होतं, पोर चालायला लागली की कमी होईल. मग वाटलं शाळेत गेली की होईल. नवऱ्याला तिनं एकदा सगळं सांगायचं ठरवलं, तर तो म्हणाला, "आईला त्यात समाधान आहे ना, मग आपलं काय बिघडतंय?" पुढचं तिनं सांगितलंच नाही.

दवणाबाई सवाष्ण गेली म्हणून पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची. ती सवाष्ण मी. पहिल्या वर्षी मी नको म्हणाले, तर सोजरबाईंनी हात धरून बसवलं. पाटाशेजारी हिरवा खण ठेवायचा, तो शिवूनच पाहिजे. "माप कुणाचं घेऊ?" मी विचारलं. "अंकिताचं घ्या की. तिच्यावानीच हुती म्हनं." तर मी न जन्मलेल्या बाईचा ब्लाऊज अंकिताच्या मापानं शिवते, तिच्या नावाची पुरणपोळी मी खाते, आणि मग तो ब्लाऊज अंकिता घालते, कारण प्रसाद कुठं टाकणार? दवणाबाईंच्या हिरव्या ब्लाऊजात हौदापाशी किल्लीची वाट बघत उभी असलेली अंकिता मला गच्चीवरून दिसते तेव्हा मी आत निघून येते. बघवत नाही.

आणि पोर, दवणा. सुंदर पोर आहे. नावाला शोभेल अशी. शाळेत बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या म्हणे, काय छान नाव, कुणी ठेवलं? पोरीनं सांगितलं, "मीच. मी आधी मेलेली आहे ना." अंकिताला हे बाईंनीच फोन करून कळवलं. चित्रकलेच्या वहीत ती गोल गोल काढते. सूर्य का ग, विचारलं तर म्हणते, विहीर.

गेल्या जानेवारीत शाळेची सहल ठरली, उजनीच्या धरणाच्या पाण्यावर परदेशी पक्षी येतात ते बघायला. होडीतून नेणार होते. दवणा धावत घरी आली, आणि दारातच गप झाली. आजीपुढं तिनं विषयसुद्धा काढला नाही. आठ वर्षांच्या लेकरानं न विचारताच दप्तर खुंटीला लावलं, हे अंकितानं बघितलं. ती तशीच माझ्याकडं आली.

"मावशी, मी आज आत्यांना खरं सांगणार आहे. तुम्ही या. एकटीनं सांगितलं तर माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही."

"बरं झालं," मी म्हटलं. "मी असते तर केव्हाच सांगितलं असतं." असं बोलायला काही लागत नाही.

दुपार होती. सोजरबाई मटार सोलत बसल्या होत्या. अंकिता त्यांच्यासमोर बसली, चार दाणे सोलले, आणि म्हणाली, "आत्या, दवणाबाई कुणी नव्हती. मी खोटं बोलले होते. मला ते नाव ठेवायचं होतं म्हणून."

सोजरबाईंचा हात थांबला. "न्हवती?"

"नव्हती. विहीरपण नव्हती. बाबा माझ्यासाठी बोलले."

"मग प्वार गप झाली ती?"

"तिला उकडत होतं. मी बाळुत्याची गाठ सोडली."

मला वाटलं आता आकाशपाताळ एक होणार. मी मनातल्या मनात कंबर कसली होती. पण सोजरबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हातातली शेंग ताटात ठेवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मग म्हाळसाबाईच की ती."

"आत्या, तेव्हा पंखा लागला होता."

"पंका मी न्हाय बगितला. प्वार बगितली." त्यांनी डाव्या हाताची बाही वर सारली. दंडाच्या आतल्या बाजूला एक जुना, गुळगुळीत डाग होता. इतक्या वर्षांत तो मला कधी दिसला नव्हता, मी त्यांचे ब्लाऊज शिवत असूनसुद्धा. कोपरापर्यंत बाही का मागतात ते तेव्हा कळलं. "ह्यो म्हाळसाबाईच्या तापल्या उलतन्याचा. ह्याचं काय न्हाय. इंद्रजीतच्या आदी मला एक प्वार झाली हुती. पोरगी झाली म्हून त्या बाईनं बाळंतपनात मला पोटाला दिलं न्हाय. अंगावर दूद आलं न्हाय. बारशाआदीच गेली ती. नाव बी न्हवतं तिला."

अंकिताच्या हातातले दाणे खाली सांडले.

"हिच्या पाळन्यापाशी मी समद्यांची नावं घेतली," सोजरबाई म्हणाल्या. "माज्या पोरीचं काय घेनार? काय म्हून हाक मारनार? आन् गप झाली ती कुनाच्या नावाला, तर त्या बाईच्या. म्या त्या राती देवाला म्हनलं, दुसरं कोनी बी दे, पर ही नको. सकाळच्याला तू दवना म्हनलीस. मला वाटलं, ऐकलं देवानं."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो सोजरबाई, ना दवणा ना म्हाळसा. कुणी परत आलेलं नाही. पोर नवी आहे."

"नवं कुटनं येतंय, दाक्षाबाई?" त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "गेल्यालंच येतंय परत." मग अंकिताचं मनगट धरलं. "आट वर्सं झाली. न्हाऊ घातलं, भरवलं, पोटाशी घिऊन निजले. तू मला आता नीट सांग. मी कुनाला पोटाशी घेतलं? दवना का म्हाळसा?"

दारात दवणा उभी होती. कधी आली होती कुणास ठाऊक. आजीकडं बघत होती, आणि आजी तिच्याकडं. सोजरबाईंच्या डोळ्यांत तेव्हा जी भीती होती ती मी त्या दिवशी, पंखा लागला तेव्हा, बघितली होती आणि तेव्हा मला कळली नव्हती. त्या बसल्या जागी मागं सरकायला लागल्या होत्या. आपल्या नातीपासून.

ते अंकितानंही बघितलं. खरं बोलली तर पोरीला पाणी मिळणार होतं आणि आजी तिच्यापासून तुटणार होती. शिवाय आजीनं पुढं काय केलं असतं? रोज सकाळी उठून त्या लेकरात तिला कोण दिसलं असतं? अंकितानं डोळे मिटले.

"दवणाच, आत्या," ती म्हणाली. "मी उगाच बोलले. सहलीला पाठवावं म्हणून खोटं बोलले."

"खोटं बोललीस?"

"हो. दवणाबाई होत्या. विहीर होती. सगळं होतं."

सोजरबाईंनी तिचं मनगट सोडलं. हात पसरून पोरीला जवळ बोलावलं आणि तिचं डोकं छातीशी दाबून धरलं. "असं खोटं बोलू नगं गं बाई परत," असं सुनेला म्हणाल्या. अंकिता खाली सांडलेले दाणे वेचायला लागली. मी उठून घरी आले. गुरप्पानं विचारलं काय झालं, तर त्यालाच चार शब्द सुनावले. दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

सहलीच्या दिवशी दवणाला घरीच ठेवलं. सकाळी बस पुणे रस्त्यानं गेली, पोरांची गाणी गल्लीपर्यंत ऐकू आली. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, सगळीकडं पाइप आणि बादल्यांची धावपळ, म्हणून सोजरबाईंनी पोरीला माझ्याकडं बसवून ठेवलं होतं. ती मशीनखाली बसून चिंध्या रंगाप्रमाणं वेगळ्या करत होती. हिरव्या एकीकडं, बाकीच्या एकीकडं.

"दाक्षाआजी," ती म्हणाली, "ती विहिरीत पडली का तिनं उडी मारली?"

माझा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. दारातून अंकिताचा आवाज आला. ती पोरीला डबा द्यायला आली होती, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"पडली नाही," अंकिता म्हणाली. "उडीपण नाही." ती पोरीशेजारी फरशीवर बसली. आवाज खाली आणला. "हे आजीला सांगायचं नाही. तिला पोहायला येत होतं. विहिरीला खालून एक वाट होती, पाण्याच्या आतून. ती तिथून गेली. लोकांना नुसतं लुगडं सापडलं."

पोरीचे डोळे केवढे मोठे झाले. आठ वर्षांत त्या बाईबद्दल असं कुणी काही सांगितलं नव्हतं तिला. मला आधी रागच आला, की आता आणखी एक खोटं! पण अंकिताचा हात त्या पोरीच्या केसांवरून फिरत होता, आणि तिचा चेहरा मी सातव्या महिन्यात त्या स्टुलावर बघितला होता तसा झाला होता. मी सुईत दोरा ओवायला घेतला.

"म्हणजे मेली नाही?"

"नाही."

"मग ती कुठं गेली?"

अंकिताचा हात थांबला. ती खरंच विचार करत होती, मी बघत होते. विहिरीतून बाहेर पडलेली, अंगावर लुगडंसुद्धा नसलेली, लेकरू मागं ठेवून आलेली बाई कुठं जाणार, हे शोधत असावी.

भिंतीपलीकडून सोजरबाईंची हाक आली. "अंकिता, कुटं गेलीस? हौद भरला, झाकन लाव की."

"आले, आत्या," अंकिता म्हणाली आणि ओल्या पदराला हात पुसत उठून गेली. थोड्या वेळानं कुलूप लागल्याचा आवाज आला. दवणा उत्तरासाठी माझ्याकडं बघत होती. मी मशीन सुरू केलं.